ठणका, ओढ, आग आणि चमक : गुडघा बदलल्यानंतरचं दुखणं

रात्री साडेदहाला फोन वाजला. गुडघा बदलून पाच दिवस झालेल्या, आदल्याच दिवशी घरी आलेल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा आवाज होता. "पाय कापून टाकावासा वाटतोय हो." मी विचारलं, "गोळ्या किती वाजता घेतल्या?" पलीकडे थोडी शांतता. मग म्हणाल्या, "सकाळची घेतली. दुपारची ठेवून दिली. अगदीच असह्य झालं तर घ्यावी म्हटलं. सवय लागली म्हणजे?" दुखतंय म्हणून संध्याकाळचा व्यायामही झाला नव्हता. गुडघ्याखाली कुणीतरी प्रेमाने मऊ उशी सरकवली होती आणि बाई तीन तास हललेल्या नव्हत्या.

मी मिरज-सांगली भागात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. असे फोन मला नवे नाहीत, आणि बहुतेकांमागची गोष्ट हीच असते. ऑपरेशन उत्तम झालेलं असतं, एक्स-रे सुरेख असतो, टाके कोरडे असतात. घरी आल्यावरच्या दोन आठवड्यांत दुखणं हाताळायचं कसं, हे मात्र नीट बसून कुणी सांगितलेलं नसतं. दवाखान्यातून निघताना कागद हातात येतो, त्यावर गोळ्यांची नावं असतात. त्या कशासाठी, कधी, किती दिवस, हे गाडीत बसण्याच्या गडबडीत राहून जातं.

आपल्याकडे सोसण्याला मान आहे. दहा-दहा वर्षं गुडघे धरून जिने चढलेल्या, उंबऱ्याला हात टेकून उठलेल्या बायका मी पाहते, तेव्हा तो मान त्यांना द्यावासाच वाटतो. पण ऑपरेशननंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत सोसण्याचा उपयोग नाही, तोटा आहे. दुखणं सोसणारा माणूस नकळत पाय हलवणं बंद करतो. न हललेल्या सांध्याभोवती जखम भरताना तयार होणारे तंतू घट्ट होत जातात, मांडीचा स्नायू वाळतो आणि गुडघा अडतो. म्हणून माझ्या दृष्टीने या काळातल्या गोळीचं पहिलं काम दुखणं शून्यावर आणणं हे नाही. तुम्हाला गुडघा वाकवता यावा, सरळ करता यावा, चार पावलं टाकता यावीत आणि रात्री झोप लागावी, इतकं दुखणं खाली आणणं, हे तिचं काम.

आत नेमकं काय झालंय

बोलताना आपण "वाटी बदलली" म्हणतो. खरं तर वाटी पुष्कळदा तीच राहते. काही वेळा तिच्या मागच्या बाजूला प्लास्टिकचं छोटं बटण बसवतात. बदलतात ते दोन हाडांचे झिजलेले पृष्ठभाग. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक काही मिलिमीटर कापून त्यांवर धातूची आवरणं बसवली जातात, आणि मध्ये कडक प्लास्टिकचा थर येतो. म्हणजे कातडी, स्नायूंचं आवरण आणि हाड, सगळ्यांनाच घाव बसलेला असतो. शिवाय रक्तस्राव कमी व्हावा म्हणून बऱ्याच ठिकाणी ऑपरेशनच्या वेळी मांडीला हवा भरलेला पट्टा आवळतात. "गुडघ्याचं ऑपरेशन केलं, मग मांडी का ठेचल्यासारखी दुखते?" असं अनेक जण घाबरून विचारतात. त्या पट्ट्याचा हा परिणाम असू शकतो, आणि तो काही दिवसांत ओसरतो. पोटरीवर, घोट्यापर्यंत निळे-काळे डाग उतरतात तेही आत साचलेलं रक्त खाली झिरपल्यामुळे.

ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला आणि पुढच्या वर्षी उजवा. आपल्याकडच्या घराघरांत या ऑपरेशनचं नाव पोहोचायला त्या बातम्यांचा मोठा हातभार लागला. त्या काळापासून आजपर्यंत दुखणं आवरण्याच्या पद्धतीत बराच बदल झाला आहे. आता कण्यात भूल देतात, त्याबरोबर मांडीतली एक नस बधिर करतात, आणि सर्जन टाके घालण्याआधी सांध्याभोवती औषध टोचतात. त्यामुळे पहिल्या दिवशी रुग्ण हसत बसलेला दिसतो, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभाही राहतो. पण इथेच एक गैरसमज तयार होतो. या टोचलेल्या औषधांचा असर काही तासांपासून एक-दोन दिवसांपर्यंत टिकतो. तो उतरला की दुखणं एकदम वर येतं, आणि माणसाला वाटतं, काहीतरी बिघडलं. बिघडलेलं नसतं. ती वेळ येणार हे आधीच ठाऊक असावं आणि असर पूर्ण उतरायच्या आत गोळ्या सुरू झालेल्या असाव्यात.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही दुखण्याचा असाच एक चढ येतो. जास्त ताकदीची औषधं बंद होत असतात आणि चालणं-फिरणं वाढत असतं. दोन्हींची गाठ पडते. "गेल्या आठवड्यात बरं होतं, आता पुन्हा का?" या प्रश्नाचं उत्तर बहुधा एवढंच असतं. याच दिवसांत उगाच रडू येणं, चिडचिड, "कशाला केलं ऑपरेशन" असं वाटणंही मी खूप घरांत पाहिलं आहे. घरच्यांनी ते मनाला लावून घेऊ नये, आणि रुग्णाने त्याची लाज बाळगू नये.

दुखणं शब्दांत सांगा

डॉक्टर विचारतात, "दुखतंय का?" आपण म्हणतो, "दुखतंय." एवढ्यावर कुणालाच नीट उपाय सुचत नाही. मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत! ते वापरा. मी तर रुग्णाच्या शब्दांवरूनच त्या दिवसाचा व्यायाम ठरवते.

ठणका म्हणजे नाडीच्या ठोक्याबरोबर उसळणारं दुखणं. पाय खाली सोडून बराच वेळ बसलं की तो वाढतो. यामागे बहुतेक वेळा सूज असते. इथे गोळीइतकाच उपयोग पाय उंच ठेवण्याचा आणि बर्फाचा. पहिले दोन आठवडे खुर्चीत सलग अर्धा-पाऊण तासापेक्षा जास्त बसू नये. भेटायला आलेली मंडळी बसली असली तरी आपण आडवं व्हावं. त्यात कसलाही अपमान नाही.

ओढ किंवा ताण जाणवतो तो वाकवताना. "कुणीतरी पट्टा आवळून बांधलाय" असं रुग्ण सांगतात. सुजलेली कातडी, टाके आणि अनेक वर्षं आखडलेला स्नायू यांची ती ओढ आहे. हिला घाबरून थांबायचं नाही. हळूहळू, श्वास सोडत, ओढ जाणवेल तिथवर जायचं, तिथे पाच-दहा सेकंद थांबायचं आणि परतायचं.

आग, चुरचुर, मुंग्या, विजेसारखी सळक ही नसांची भाषा. चीर देताना कातडीतल्या बारीक नसा कापल्या जातात. त्यामुळे व्रणाच्या बाहेरच्या बाजूला हाताएवढा भाग बधिर राहतो. तो हळूहळू आकसतो, पण थोडा बधिरपणा कायमचाही राहू शकतो. नसा सावरताना आग होते, पांघरुणाचा स्पर्शही नको वाटतो. नेहमीच्या वेदनाशामकांनी ही आग फारशी कमी होत नाही. म्हणून "आग होते" हा शब्द डॉक्टरांना मुद्दाम सांगा. त्यासाठी वेगळी औषधं असतात. जखम पूर्ण भरल्यावर मऊ कापडाने हलकं चोळून त्या कातडीला स्पर्शाची सवय लावता येते.

चमक अचानक येते, उठताना किंवा वळताना, आणि जाते. सुरुवातीच्या दिवसांत ती असतेच. गुडघ्यातून "कट्" असा आवाज येतो तोही धातू आणि प्लास्टिक एकमेकांना लागल्याचा. त्याबरोबर दुखत नसेल तर काळजी नको.

आणि एक दुखणं असतं खोल, आतून कुरतडणारं, स्वस्थ पडलं तरी न थांबणारं, कमी होत आलेलं असताना पुन्हा वाढत चाललेलं. हे मात्र थांबवून ठेवू नका. लगेच सर्जनना कळवा. याविषयी पुढे सांगते.

शब्दांबरोबर आकडाही द्या. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे कल्पनेपलीकडचं. पडून असताना तीन-चारच्या आत आणि व्यायाम करताना पाचच्या आसपास असेल तर आपण ठीक चाललो आहोत असं मी धरते. पडून असतानाच सात असेल तर औषधाचं गणित बदलायला हवं. ते डॉक्टर बदलतील, पण तुम्ही सांगितलं तरच.

गोळ्यांचं गणित

पहिले दहा-चौदा दिवस गोळी घड्याळाकडे पाहून घ्यायची, दुखण्याकडे पाहून नाही. दुखणं डोक्यावर चढल्यावर घेतलेल्या गोळीला ते खाली आणायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात व्यायाम बुडतो, झोपही जाते. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाशेजारी एक कागद चिकटवा. त्यावर औषधाचं नाव, वेळ आणि घेतल्याची खूण. घरात तीन माणसं काळजी घेणारी असली की एकच गोळी दोनदा दिली जाण्याचा धोका खरा असतो. कागदामुळे तो टळतो.

पॅरासिटामॉल हा या सगळ्याचा पाया. क्रोसिन, डोलो, कॅलपॉल ही सगळी त्याचीच नावं. "साधी तापाची गोळी, तिने काय होणार" असं म्हणून ती वगळू नका. नियमित घेतली तर तिच्यामुळे जड औषधं कमी लागतात. निरोगी प्रौढ माणसासाठी दिवसभरात ४००० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा आहे. वजन कमी असेल, वय जास्त असेल, यकृताचा त्रास असेल किंवा दारूची सवय असेल, तर ती बरीच खाली येते आणि डॉक्टर ठरवतील तितकीच घ्यायची. इथे एक सापळा आहे. ट्रामाडॉल किंवा अॅसिक्लोफेनॅक अशा नावांच्या कितीतरी जोडगोळ्यांत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं. सर्दीच्या गोळ्यांतही असतं. पाकिटाच्या मागचा बारीक मजकूर नातवंडांकडून वाचून घ्या आणि बेरीज करा.

दुसरा गट सूज उतरवणाऱ्या वेदनाशामकांचा. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब, आयबुप्रोफेन ही त्यातली नावं. "पेनकिलरने किडनी जाते" हे वाक्य आपण ऐकतो ते या गटाबद्दल, आणि त्यात तथ्य आहे. ज्यांचं मूत्रपिंड आधीच नाजूक आहे, जे रक्तदाबाच्या विशिष्ट गोळ्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेतात, ज्यांना अल्सर झाला आहे किंवा हृदयविकार आहे, त्यांनी ही औषधं सर्जनना पूर्ण माहिती दिल्याशिवाय घेऊ नयेत. ऑपरेशननंतर रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटात इंजेक्शन किंवा गोळ्या चालू असतात. त्यांच्या जोडीला घरच्या डब्यातली जुनी वेदनाशामक गोळी घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. शेजारणीला लागू पडलेली गोळी तुमच्यासाठी नाही, हे मी प्रत्येक घरात सांगते.

तिसरा गट ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल अशा तीव्र औषधांचा. काहींना सात दिवस टिकणारी औषधी पट्टी दंडावर किंवा छातीवर लावतात. सवयीची भीती वाटते ती याच गटाची. डॉक्टरांनी सांगितलेल्या थोड्या दिवसांपुरती, हळूहळू कमी करत घेतली, तर ती भीती मनातून काढून टाका. ही औषधं आठवड्यांमागून आठवडे, स्वतःच्या मनाने, झोपेसाठी म्हणून चालू ठेवणं मात्र धोक्याचं. यांनी चक्कर येते, मळमळतं, बद्धकोष्ठ होतो. पट्टी लावली असेल तर तारीख लिहून ठेवा, जुनी काढल्याशिवाय नवी लावू नका, आणि पट्टीवर गरम पिशवी ठेवू नका. उष्णतेने औषध जास्त वेगाने अंगात भिनतं. फिटचा त्रास असेल किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर ट्रामाडॉल सुरू होण्याआधीच सांगा. आणि वयस्क माणूस रात्री असंबद्ध बोलू लागला, ओळख विसरला, तर म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका. औषधाचा, रक्तातल्या क्षारांचा किंवा संसर्गाचा परिणाम असू शकतो. सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.

बद्धकोष्ठाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण संकोचाने कुणी बोलत नाही. वारंवार उठावं लागू नये म्हणून अनेक आजी-आजोबा पाणीच पीत नाहीत. मग पोट साफ होत नाही, भूक मरते, रिकाम्या पोटी गोळी घेतली की जळजळ होते, म्हणून गोळी बंद, म्हणून व्यायाम बंद. एका पेल्याभर पाण्यापासून ही साखळी सुरू होते. पलंगाजवळ कमोडची खुर्ची ठेवा, पाणी भरपूर द्या, पालेभाजी, पपई, भिजवलेले मनुके द्या, आणि पोट साफ होण्याचं औषध तीव्र वेदनाशामकासोबतच सुरू करायला डॉक्टरांना विचारा, चार दिवस वाट पाहून नाही.

शेक नको, तेल नको

पाय सुजला की आपला हात आपोआप गरम पाण्याच्या पिशवीकडे जातो. या गुडघ्याला पहिल्या काही आठवड्यांत थंडावा हवा आहे. उष्णतेने तिथला रक्तप्रवाह वाढून सूज वाढते. बर्फाची पिशवी, नसेल तर फ्रीजमधली मटारची थैली, पातळ टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा आणि प्रत्येक व्यायामानंतर. ड्रेसिंग ओलं होऊ देऊ नका. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर वेळ कमी ठेवा आणि मधूनमधून कातडी पाहा.

तेल चोळण्याचा आग्रह गावाकडून आलेली प्रेमळ माणसं हमखास करतात. महानारायण तेलाने इतक्या वर्षांत आराम दिलेला असतो, त्यामुळे नाही म्हणणं जड जातं. तरीही नाहीच म्हणा. ताज्या व्रणावर तेल म्हणजे जंतूंना निमंत्रण. आणि पोटरी जोरात चोळणं तर त्याहून वाईट. तिथल्या शिरेत गुठळी झालेली असेल तर ती सुटून फुप्फुसाकडे जाऊ शकते. व्रण पूर्ण भरल्यावर, सर्जननी होकार दिल्यावर, व्रणावर हलक्या बोटांनी मालिश चालते.

आता ती उशी. गुडघ्याखाली उशी घेतली की क्षणभर बरं वाटतं, कारण सांधा किंचित वाकलेला असताना आतल्या सुजेला जागा मिळते. पण तासन्‌तास तसं ठेवलं की गुडघा त्याच स्थितीत अडतो आणि पूर्ण सरळ होईनासा होतो. सरळ न होणारा गुडघा लंगडायला लावतो, कंबर आणि दुसरा पाय दुखायला लावतो. वाकण्याची सगळ्यांना काळजी असते. मला सरळ होण्याची जास्त असते. उशी टाचेखाली, घोट्याखाली घ्या, गुडघ्याखालची जागा रिकामी राहू द्या. कुशीवर झोपताना दोन्ही पायांच्या मधे उशी चालेल.

व्यायामाचा क्रम लक्षात ठेवायला सोपा आहे. गोळी घ्यायची, अर्ध्या-पाऊण तासाने व्यायाम करायचा, मग बर्फ लावून पाय उंच. पलंगावर पडल्या-पडल्या पावलं वर-खाली करत राहायचं, जागं असताना दर तासाला. गुडघ्याची मागची बाजू गादीवर दाबून मांडीचा स्नायू आवळायचा. टाच गादीवरून घसरवत ढुंगणाकडे आणायची. सरळ पाय वीतभर उचलायचा. एकदाच तासभर करून थकण्यापेक्षा पाच-दहा मिनिटं, दिवसातून अनेकदा. आज जास्त झालं की नाही हे उद्याची सकाळ सांगते: व्यायामानंतर वाढलेलं दुखणं तासा-दोन तासांत उतरलं तर मात्रा बरोबर; दुसऱ्या दिवशी गुडघा जास्त सुजलेला, जास्त गरम असेल तर थोडं कमी करा, पण बंद करू नका. काठी धरायची ती ऑपरेशन न झालेल्या बाजूच्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. दोन्ही गुडघे एकाच वेळी केलेल्यांना चांगला पायच नसतो, म्हणून त्यांच्या पहिल्या तीन आठवड्यांत मदतनीस सतत हवा आणि तुलना कुणाशीच नको.

साधारण दोन आठवड्यांच्या आसपास नव्वद अंशांपर्यंत वाकायला लागलं की मला हायसं वाटतं. सहा-आठ आठवडे होऊनही गुडघा तिथवर पोहोचत नसेल तर सर्जनना दाखवा. भूल देऊन सांधा हलकेच मोकळा करण्याचा उपाय असतो, पण तो पहिल्या तीन महिन्यांत जास्त लागू पडतो.

भेटायला येणाऱ्यांना एक विनंती. "आमच्या मावशी तर आठव्या दिवशी बाजारात गेल्या" हे वाक्य बोलू नका. ते ऐकल्यावर रुग्ण त्या रात्री जास्त गोळ्या तरी घेतो किंवा अजिबात घेत नाही, हे मी पाहिलं आहे.

फोन कधी उचलायचा

एका पोटरीत दुखून सूज आली, दाबल्यावर कळ आली, ती गरम लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर. अचानक धाप लागली, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं, तर १०८ वर फोन करा. कुणाला विचारत बसू नका. १०१ अंश फॅरेनहाइटच्या वर ताप, हुडहुडी, व्रणातून पाणी किंवा पू, पसरत जाणारी लाली, आणि वर सांगितलेलं ते खोल, पुन्हा वाढत चाललेलं दुखणं ही संसर्गाची चिन्हं असू शकतात. अशा वेळी जवळच्या दुकानातून अँटिबायोटिक आणून सुरू करू नका. आतले जंतू तपासायच्या आधीच औषध गेलं तर निदान अवघड होतं. पडल्यामुळे अचानक टेकता येईनासं झालं तरी सर्जनकडेच जा. बदललेल्या सांध्यात सुई टोचून पाणी काढणं हे शस्त्रक्रियागृहाच्या स्वच्छतेत, सर्जननेच करायचं काम आहे.

खुबा बदललेल्यांचं दुखणं सहसा लवकर ओसरतं, तुलनेने सौम्यही असतं. त्यांचा प्रश्न वेगळा आहे: सांधा निसटू नये म्हणून खाली वाकणं, पायावर पाय टाकणं, बुटक्या आसनावर बसणं याबद्दल सर्जननी घातलेली बंधनं, बरं वाटू लागल्यावरही, सांगितलेल्या मुदतीपर्यंत पाळायची.

किती दिवस दुखेल, हा प्रश्न उरतो. सहा आठवड्यांत बहुतेकांची तीव्र औषधं सुटलेली असतात. रात्रीचं दुखणं सर्वांत शेवटी जातं. गुडघ्याचा गरमपणा आणि संध्याकाळची सूज तीन ते सहा महिने राहू शकते आणि सुधारणा वर्षभर चालू असते. तरीही गुडघा बदललेल्या साधारण पाच जणांत एकाला काही ना काही दुखणं पुढेही राहतं, हे ऑपरेशनआधीच सांगितलं जायला हवं असं माझं ठाम मत आहे. तीन महिने उलटूनही रोज दुखत असेल तर "एक्स-रे चांगला आहे" एवढ्यावर परत येऊ नका. रक्ताच्या तपासण्या, मणक्यातून किंवा खुब्यातून येणारं दुखणं, नसांचं दुखणं, हे सगळं तपासून घ्या. मोठ्या शहरांत वेदनाउपचारांचे स्वतंत्र विभाग आहेत. दुखणं तुमच्या मनाचं नाही, आणि ते सांगितल्याने तुम्ही कृतघ्न ठरत नाही.

त्या शिक्षिकाबाईंच्या पहिल्या गुडघ्याने आम्हाला खूप घाम गाळायला लावला. तीन आठवडे तो साठ अंशांच्या पुढे जात नव्हता. दीड वर्षाने दुसरा गुडघा बदलला, तेव्हा घरी पोहोचण्याआधीच त्यांनी मुलाकडून मोठ्या अक्षरांत वेळापत्रक लिहून घेतलं होतं. त्यात गोळी, व्यायाम, बर्फ यांचे तीन रकाने होते आणि रोज संध्याकाळी दुखण्याचा आकडा. बाराव्या दिवशी रात्री साडेदहाला पुन्हा त्यांचा फोन आला. मी घाबरूनच उचलला. "आकडा चार दिवस तीनच्या वर गेलेला नाही," त्या म्हणाल्या. "दुपारची गोळी सोडू का?" मी म्हटलं, उद्या सकाळी डॉक्टरांना विचारून दुपारची आधी सोडू, व्यायामाच्या आधीची आणि रात्रीची अजून आठवडाभर राहू द्या.